परत बोलावलेली मोटार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा ठेकेदारीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत, तेव्हा ही अपेक्षा रास्तच होती. परंतु आम्ही विषय निवडला तो मोटारगाडीतील दोषांचा. काही मित्रांनी विचारले, ‘तुमचा आणि मोटारीचा संबंध काय?’ आमचे शिक्षण दहावीपलीकडे गेलेले नाही, आणि इंजिनियर तर आम्ही नव्हेच. जे काही कळते ते वाचनालयात बसून आणि कारागिरांच्या शेजारी उभे राहून कळलेले आहे. तरीही हा विषय आमचा आहे, आणि तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

उमरेड हे विणकरांचे आणि पुढे कोळशाच्या खदानीचे गाव. ज्या वस्त्यांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी स्कूटर आली तरी पेढे वाटले जात, त्याच वस्त्यांत आज घरापुढे चार दारांची, मागे डिकी असलेली मोटार उभी दिसते. यांतील पुष्कळ गाड्या जुन्या बाजारातून आलेल्या असतात. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती पडलेल्या फंडाच्या रकमेतून घर दुरुस्त होते, मुलीचे लग्न होते, आणि जे उरते त्यातून गाडी येते. आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला जायला, नातवंडांना फिरवायला ती घेतलेली असते. म्हणजे एका कामगाराच्या आयुष्याची शिल्लक आणि त्याचे सगळे कुटुंब एकाच वेळी त्या पत्र्याच्या पेटीत बसलेले असते. ती पेटी सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न कामगारांचा नाही असे कोण म्हणेल?

आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त बंधूंची हकीकत प्रथम सांगतो. त्यांनी नागपुरातून पाच वर्षे वापरलेली एक गाडी विकत घेतली. एका मे महिन्यात दुपारी नागपूरहून उमरेडला परतताना, पाचगावच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला तो पेडल दगडासारखे घट्ट झालेले! पुढे कोळशाचा ट्रक, शेजारी पत्नी, मागे दोन नातवंडे. दोन्ही पायांनी जोर करून आणि हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला मातीत घातली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधील पोरसवद्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, चेसिस नंबर मोबाईलवर टाकून पाहिला आणि म्हणाला, “काकाजी, हे गाडी त कंपनीनं वापस बोलावली होती. चिठ्ठी नाही आली का तुम्हाले?” चिठ्ठी गेली होती, पण ती पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि तो मालक घर सोडून कधीच दुसरीकडे गेला होता. ब्रेकला बळ पुरविणारी जी नळी बदलायला कंपनी एक पैसाही घेणार नव्हती, ती दीड वर्ष तशीच राहिली. त्या कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आणि पुढे ज्या मोटारीविषयी आम्ही बोलणार आहोत ती ही नव्हे, एवढे मात्र स्पष्ट करतो.

‘परत बोलावली’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गाडीत बिघाड होतो तो तीन कारणांनी. पहिले कारण झीज. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, टायर, सस्पेन्शनचे रबरी बुश या वस्तू झिजण्यासाठीच बनविलेल्या असतात. आपल्याकडील गतिरोधकांवर डिकीच्या गाडीचे पोट घासते, उन्हाळ्यात बॅटरी दम तोडते. ही सगळी झीजच. दुसरे कारण हयगय. तेल वेळेवर न बदलणे, किंवा गाडी महिनाभर उभी ठेवून उंदरांना तारा कुरतडू देणे, हे मालकाच्या पदरी पडणारे पाप आहे. तिसरे कारण मात्र निराळे आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या अंगात एखादा चुकीचा भाग बसलेला असतो. मालकाने देवघरातल्या समईसारखी तिची निगा राखली, तरी तो भाग एक ना एक दिवस दगा देणारच. शिवाय तो भाग एकाच गाडीत नसतो. एका खेपेत बनलेल्या हजारो गाड्यांत तोच भाग आणि तोच दोष असतो. असा दोष जिवावर बेतणारा असेल, तर कंपनीने त्या सर्व गाड्या बोलावून घेऊन तो भाग फुकट बदलून द्यावयाचा असतो. यालाच इंग्रजीत ‘रिकॉल’ म्हणतात.

आता एक जुनी गोष्ट आठवा. १९६४ पासून मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे डिलाईट ही गाडी बनू लागली, आणि पुढे तीच प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ठाऊक झाली. आमच्या लहानपणी डॉक्टरांकडे आणि वकिलांकडे हीच गाडी असे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की ही गाडी रस्त्यात बंद पडे. त्या काळचा पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असे. इंजिन तापले की पंप तापे, आतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि पंप पेट्रोल ओढण्याऐवजी वाफच हलवीत बसे. ड्रायव्हर मंडळी यावर ओले फडके घेऊन पंपावर गुंडाळीत. पाच-दहा मिनिटांत पंप थंड होई आणि गाडी पुन्हा चालू होई. जाणता ड्रायव्हर तर उन्हाळ्यात डिकीत फडके आणि पाण्याची बाटली ठेवूनच निघे.

या ओल्या फडक्याचे आम्हांस पूर्वी मोठे कौतुक वाटे. आपला माणूस किती हिकमती, असे आम्ही म्हणत असू. पुढे संघटनेच्या कामात एक गोष्ट ध्यानात आली. फडके गुंडाळून गाडी चालू झाली की गोष्ट तेथेच संपे. कोणी कागदावर लिहीत नसे, कोणी कुर्ल्याला कळवीत नसे. हजार ड्रायव्हरांनी हजार फडकी गुंडाळली, तरी त्या हजारांची एक तक्रार कधी झाली नाही. ती अडचण जिवावर बेतणारी नव्हती म्हणून निभावले. पण फडके गुंडाळून पुढे जाण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली, आणि गाड्या बदलल्या तरी ती सवय बदललेली नाही.

आजच्या गाडीतील पंप इंजिनवर नसतो. तो पेट्रोलच्या टाकीतच बुडवून ठेवलेला, विजेवर चालणारा असतो. भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते, त्यामुळे वाफेचा प्रश्न बव्हंशी मिटला. या पंपात प्लास्टिकची एक लहान पातेदार चकती वेगाने फिरत असते. तिला इम्पेलर म्हणतात. चकती आणि तिच्या भोवतीचे घर यांत अगदी थोडी फट असते. चकतीचे प्लास्टिक पुरेसे घट्ट विणीचे नसेल, तर ते वर्षानुवर्षे पेट्रोल शोषते आणि फुगून वाकते. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकावे तशी ती चकती घरात अडकते. पंप थांबला की इंजिन सुरूच होत नाही. अथवा त्याहून वाईट म्हणजे, चालत्या गाडीत ते बंद पडते. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारे जादा बळ दोन-तीन दाबांत संपते, आणि स्टिअरिंग जड होऊ शकते. दिघोरीच्या गर्दीत हे घडले तर मागचा भोंगा वाजवील; भरधाव रस्त्यावर घडले तर मागून येणाऱ्या ट्रकला भोंगा वाजवायलाही वेळ मिळणार नाही.

हा दोष काल्पनिक नव्हे. जगातील अनेक कंपन्यांच्या गाड्यांत तो निघाला. आपल्या देशात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे होंडा सिटी ही कौटुंबिक गाडी. १९९८ पासून ती भारतात विकली जाते, आणि डिकीच्या गाडीची हौस असलेल्या मध्यमवर्गीयाची ती आवडती गाडी आहे. ती महाराष्ट्रात बनत नाही; पण नव्याने आणि जुन्या बाजारातून ती आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आलेली आहे. जून २०२० मध्ये कंपनीने २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या या पंपासाठी परत बोलावल्या. त्यांत सिटी होत्या १६,४३४. एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४ गाड्या बोलावल्या. त्यांत चौथ्या पिढीच्या सिटी २०,२४८. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा ९२,६७२ गाड्यांची घोषणा झाली; त्यांत सिटी ३२,८७२. तिन्ही वेळच्या मिळून सिटी झाल्या ६९,५५४. बाकीच्या गाड्या अमेझ, जॅझ अशा त्याच कंपनीच्या इतर नमुन्यांच्या होत्या.

हे आकडे आम्ही मुद्दाम वाचून दाखविले. ‘सुमारे सोळा हजार’ असे कंपनी म्हणत नाही, १६,४३४ म्हणते. हा शेवटचा चार कोठून आला? कोणत्या दिवशी कोणत्या खेपेचा पंप कोणत्या चेसिस नंबरच्या गाडीत बसला, याची कारखान्यात नोंद होते, तिच्यातून आला. कामगार म्हणून आम्हांस या नोंदीचा अभिमान वाटतो, कारण ती अखेर कोणा ना कोणा कामगाराच्या हातूनच होते. आपण पाळीच्या शेवटी रजिस्टरमध्ये जे आकडे भरतो, ते कित्येकदा कंटाळून भरतो. पण त्या कंटाळवाण्या आकड्यावाचून सहा वर्षांनी कोणती गाडी परत बोलवायची हे ब्रह्मदेवालाही कळले नसते.

तिसऱ्या घोषणेतील एक लहानसा आकडा फार बोलका आहे. त्या ९२,६७२ गाड्यांपैकी २,२०४ गाड्या अशा होत्या की, त्यांत दोषाचा पंप कारखान्यात बसलेलाच नव्हता. जुना पंप बिघडला म्हणून मालकांनी पुढे दुरुस्तीच्या वेळी नवा सुटा पंप बसवून घेतला, आणि तो नवा पंपच दोषाचा निघाला. म्हणजे दोष केवळ गाडीबरोबर येतो असे नाही, तो सुट्या भागाच्या खोक्यातूनही येतो. ज्यांच्या दुरुस्तीची नोंद होती त्यांचा शोध लागला. ज्यांनी हा पंप दुकानाच्या काउंटरवरून विकत नेला आणि बाहेर कोठे बसवून घेतला, त्यांनीही येऊन तपासून घ्यावे, असे कंपनीला जाहीरपणे सांगावे लागले. कारण त्यांना शोधून काढील असा कागद कोणापाशी नव्हता. दुरुस्तीचे बिल घेतले तर कर लागतो म्हणून ‘बिल नको’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या २,२०४ गाड्यांची गोष्ट लक्षात ठेवावी.

याच गाडीच्या इतिहासात इतरही दोष निघाले. २०११ मध्ये ७२,११५ सिटी गाड्या दाराच्या काचा खालीवर करणाऱ्या विजेच्या बटणासाठी बोलावल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ६४,४२८ डिझेल सिटी बोलावल्या, कारण इंधन टाकीकडे परत नेणारी नळी निसटण्याचा संभव होता. सर्वांत गंभीर प्रकरण मात्र एअरबॅगचे. अपघाताच्या क्षणी स्टिअरिंगमधून जी पिशवी फुगते, तिला फुगविण्यासाठी आत एक लहान स्फोटक भांडे असते. ताकाता नावाच्या जपानी कंपनीने या भांड्यात अमोनियम नायट्रेट वापरले. अनेक वर्षे ऊन आणि दमट हवा लागून हे द्रव्य बदलते आणि नको तितक्या जोराने पेट घेते. मग धातूचे भांडेच फुटते, आणि जी पिशवी जीव वाचविण्यासाठी बसविली, तिच्यातूनच पत्र्याचे तुकडे माणसाच्या गळ्यावर आणि छातीवर येतात. जगभरात अशी सुमारे १० कोटी भांडी परत बोलावली गेली. २०१७ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, शंभर कोटी डॉलरचा दंड व भरपाई मान्य केली, आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. आपल्या देशात याच कारणासाठी जानेवारी २०१७ मध्ये ३२,४५६ आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,०८४ सिटी गाड्या बोलावल्या गेल्या. या गाड्या २०१२ आणि २०१३ सालच्या. म्हणजे आज जुन्या बाजारात परवडणाऱ्या भावात मिळतात, त्याच वयाच्या. ऊन आणि दमटपणा या दोन्ही गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

येथे कोणी म्हणेल, इतक्या वेळा परत बोलावली म्हणजे ही गाडीच वाईट. आमचे मत तसे नाही. ज्या कंपनीने कधीच काही परत बोलावले नाही, तिच्या गाड्या निर्दोष असतात असा अर्थ निघत नाही. कदाचित तिने दोष सांगितलाच नसेल. परत बोलावणे ही कबुली आहे, आणि कबुली देणारा गप्प बसणाऱ्यापेक्षा बरा. गप्प बसण्याची किंमत काय असते, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसले. त्यांच्या कोबाल्ट वगैरे गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता की, किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागल्यानेही तो फिरे. इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होई. कंपनीतील काही माणसांना हे दहाएक वर्षे ठाऊक होते. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारण्यात आला. परंतु सुधारलेल्या भागाचा नंबर मात्र जुनाच ठेवला. त्यामुळे काही गाड्यांत स्विच सैल आणि काहींत घट्ट का, हे शोधणारे वर्षानुवर्षे चक्रावले. अखेर २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या. तोपर्यंत, कंपनीच्याच भरपाई निधीने मान्य केल्याप्रमाणे, १२४ माणसे मेली होती. एक नंबर बदलून लिहिला असता तर यांतील किती वाचली असती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता या विषयाशी आमचा संबंध काय, ते सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम करीत होतो. तेथील एका प्रेसची जाळी दर दोन-तीन दिवसांनी निखळे. कामगार तार गुंडाळून ती बसवीत आणि काम पुढे नेत. उत्पादन थांबवणे कोणालाच नको होते, आम्हांलाही नको होते. एके दिवशी त्या प्रेसखाली एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीत व्यवस्थापनाने म्हटले, ‘जाळीबद्दल एकही लेखी तक्रार नाही.’ आणि ते खरे होते! वीस माणसांनी वीस वेळा तार गुंडाळली होती, पण एकानेही ते लिहिले नव्हते. त्या दिवशी आम्ही शिकलो की, न लिहिलेली तक्रार व्यवस्थापनाच्या हिशेबी झालेलीच नसते. प्रेसची तार आणि पंपावरचे ओले फडके यांत काही फरक नाही.

आपल्या देशाचा कायदाही आता हेच म्हणतो. २०१२ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची पद्धत ठरविली, पण तिच्यामागे कायद्याचे बळ नव्हते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एखाद्या नमुन्याच्या गाडीतील दोषामुळे चालकाला, आतील माणसांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय होण्याजोगा असेल, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. मग उत्पादकाने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी, किंवा किंमत परत करावी. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या गाडीत आहे त्या सर्व बोलावता येतात. उत्पादकाने आपण होऊन दोष कळवला आणि गाड्या बोलावल्या, तर त्याला त्या कलमाखालील दंड माफ आहे. पण त्या प्रकरणातील नियम मोडल्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु सरकारला दोष कळणार कसा? कायद्याने तीन वाटा सांगितल्या आहेत. तपासणी संस्थेने कळवावे, अन्य कोणत्या मार्गाने कळावे, किंवा ठरलेल्या प्रमाणात मालकांनी तक्रार करावी. ही तिसरी वाट नीट पाहा. एका मालकाची तक्रार येथे पुरत नाही. ठराविक प्रमाणात मालकांनी तोच दोष नोंदवला पाहिजे. हे तर आमचे संघटनेचेच तत्त्व झाले! एकटा बोलला तर कुरकुर आणि शंभर बोलले तर मागणी, हे आम्ही गिरणीच्या आणि खदानीच्या फाटकावर शिकलो. तेच आता मोटारमालकांना कायद्याने शिकविले आहे. गॅरेजात शंभर गाड्या गुपचूप दुरुस्त झाल्या तर सरकारच्या हिशेबी तक्रारी शून्य. त्यातल्या मालकांनी लेखी कळवले तर प्रत्येकाची मोजणी होते.

या कायद्यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. सक्तीने परत बोलावण्याचे हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत. श्रीमंताची गाडी पाच वर्षांत बदलते; त्याची सोडलेली गाडी पुढची दहा वर्षे चालवतो तो आपल्यासारखा माणूस. म्हणजे नियमाचे छत्र संपते तेथे गरिबाची मालकी सुरू होते. ही मुदत वाढविण्याची मागणी कामगार संघटनांनी आणि ग्राहक संघटनांनी मिळून केली पाहिजे, असे आमचे मत आहे. तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या हाती आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची त्यात तरतूद आहे. आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. म्हणजे उमरेडकराला कंपनीच्या गावी हेलपाटे घालण्याचे कारण नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

आता घरी गेल्यावर करावयाच्या काही गोष्टी सांगतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आरसी बुक काढून त्यावरील १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर एका कागदावर उतरवावा. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. ते जमत नसेल तर नातवाला सांगावे, किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन स्पष्ट विचारावे की, ‘या गाडीचे काही रिकॉलचे काम बाकी आहे काय?’ ते काम फुकट होते. मालक पहिला असो की चौथा, चेसिस नंबर बसला की काम मिळते. काम झाल्यावर लेखी पावती मागून घ्यावी. जुनी गाडी घेताना टायर आणि रंग पाहण्याआधी हा प्रश्न विचारावा. गाडी आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने ३० दिवसांची मुदत दिलेली आहे. ती पाळावी आणि कंपनीकडे आपला पत्ता व फोन नंबर नोंदवावा. आमच्या त्या सेवानिवृत्त बंधूंनी एवढे केले असते, तर चिठ्ठी त्यांच्याच दारी आली असती.

दोषाची चाहूल देणाऱ्या काही खुणाही ध्यानात ठेवाव्यात. चालत्या गाडीत इंजिन अकारण बंद पडणे किंवा सकाळी वारंवार सुरू न होणे, आत पेट्रोलचा वास येणे, ब्रेकचे पेडल एकाएकी घट्ट होणे, स्टिअरिंग मध्येच जड होणे, आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहणे. यांपैकी काहीही घडले तर ‘चालते आहे ना’ म्हणून पुढे जाऊ नये. एअरबॅगचा दिवा त्रास देतो म्हणून त्याची तार काढून टाकणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. तो दिवा विझवल्याने आतला दोष विझत नाही. दोष आढळला तर तारीख, किलोमीटर, काय घडले आणि कोणता भाग बदलला, हे चार ओळींत लिहून कंपनीला आणि सरकारकडे कळवावे. गॅरेजवाल्या बंधूंनाही आमची विनंती आहे. एकाच नमुन्याच्या तीन गाड्या एकाच दोषाने तुमच्याकडे आल्या, तर तिन्ही मालकांची एकमेकांशी गाठ घालून द्या. तुमच्या वहीतील त्या तीन ओळी दिल्लीतील फायलीपेक्षा आधी खरे सांगतात.

त्या प्रेसखाली बोटे गेलेला तरुण आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. आम्ही अभिनंदन केले, तोच तो म्हणाला, “भाऊ, पहिले चेसिस नंबर टाकून पायला, मंग पैसे देल्ले.” इतक्या वर्षांच्या आमच्या भाषणांपैकी एवढे जरी कोणाच्या उपयोगी पडले असेल, तरी आम्हांस समाधान आहे. उद्या सकाळी आपणही आरसी बुक काढाल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.